गेटवे ऑफ इंडियावर काय लिहिलंय? स्मारकांचा अर्थ कसा ठरतो, सोप्या भाषेत

मागच्या डिसेंबरात भाचीला घेऊन गेटवे ऑफ इंडियाला गेले होते. मांडव्याची लाँच सुटायला अर्धा तास होता. भोवती नेहमीची गर्दी होती: लगेच प्रिंट काढून देणारे फोटोवाले, कबुतरं, चण्याच्या पुड्या, कमानीकडे पाठ करून सेल्फी काढणारी कुटुंबं. भाची नववीत आहे, दिसेल ते वाचायची तिला सवय. तिने मान वर करून कमानीवर कोरलेली इंग्रजी अक्षरं एकेक करून लावली आणि म्हणाली, "मावशी, अगं हे तर इंग्रजांच्या राजाराणीसाठी बांधलंय. मग आपण सगळे इथे एवढे आनंदाने का उभे आहोत?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही.

तिने वाचलं ते खरं होतं. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी इथे उतरले, त्याची आठवण म्हणून ही कमान, असंच तिथे कोरलेलं आहे. गंमत म्हणजे राजा उतरला तेव्हा कमान नव्हतीच. तिचा आराखडा पक्का व्हायला १९१४ साल उजाडलं आणि ती खुली झाली १९२४ मध्ये. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रज फौजेची भारतातली शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, याच कमानीखालून संचलन करत बोटीकडे गेली. स्वागतासाठी बांधलेल्या दारातून निरोप दिला गेला. १९६१ पासून समोरच्या बागेत शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. कमानीवरचं एक अक्षरही बदललेलं नाही, तरी आज ती कमान बघून कुणाच्या मनात पंचम जॉर्ज येत नाही. मनात येते ती मुंबई.

पुतळा कुठे उभारायचा, कुठला हलवायचा, कशाचं नाव बदलायचं, याची बातमी नाही असा आठवडा आपल्याकडे विरळा. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी, तेव्हा आनंद झाला, पण "म्हणजे नेमकं काय झालं?" असं विचारणारेही पुष्कळ भेटले. या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: दगडविटांना अर्थ येतो कुठून, आणि तो ठरवतं कोण?

भिंतीवरचा फोटो आणि हॉलमधला बंब

ऑस्ट्रियात आलोइस रीगल नावाचे कलेतिहासकार होते. सरकारने त्यांच्यावर देशातल्या जुन्या वास्तू सांभाळण्याची जबाबदारी टाकली, तेव्हा १९०३ मध्ये त्यांनी एक साधी पण फार उपयोगी फोड केली. स्मारकं दोन जातींची असतात, असं ते म्हणाले. पहिली, स्मारक म्हणूनच बांधलेली. दुसरी, वेगळ्याच कामासाठी बांधलेली आणि पुढच्या लोकांनी स्मारक मानलेली.

आपल्या घरात या दोन्ही जाती असतात. आजोबांचा हार घातलेला फोटो भिंतीवर लावतो तो आठवणीसाठीच, ही पहिली जात. आणि आजीच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आता घासूनपुसून हॉलच्या कोपऱ्यात ठेवलेला असतो, ही दुसरी. बंब पाणी तापवायला होता. तो आठवण व्हावा असं आजीच्या मनातही नव्हतं. आपण तो आठवणीचा केला.

आता किल्ल्यांकडे बघा. तटबंदी, बुरूज, चोरदिंडी, पाण्याची टाकी, धान्याची कोठारं हे सगळं शत्रूला थोपवायला आणि वेढ्यात तग धरायला होतं. तो बंब. रायगडावरची महाराजांची समाधी मात्र आठवणीसाठीच बांधलेली, तो फोटो. एकाच गडावर दोन्ही जाती शेजारी नांदतात.

रीगल यांच्या पुढच्या म्हणण्यात खरी मेख आहे. पहिल्या जातीतलं स्मारकसुद्धा कायम बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही. याचा पुरावा आपल्याकडे गावोगाव वेशीवर उभा आहे. वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरासाठी कोरलेला दगड, हे अस्सल हेतूने घडवलेलं स्मारक. तळाच्या चौकटीत लढाई, कधी गाईगुरं राखताना झालेली, वर त्या वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ते चंद्रसूर्य म्हणजे करारच: आकाशात ते आहेत तोवर याची आठवण राहील. आज कित्येक गावांत त्या वीराचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. दगडाला शेंदूर लागलेला असतो, तो गावाचा राखणदार देव झालेला असतो, लग्नानंतर जोडपं त्याच्या पाया पडून जातं. नाव हरवलं, पण दगड रिकामा राहिला नाही. लोकांनी त्यात आपला अर्थ भरला.

शब्दांचंही असंच होतं. संस्कृतात 'साहस' म्हणजे अविचाराने केलेलं कृत्य, प्रसंगी गुन्हासुद्धा. आज आपण मुलांना साहसी व्हा म्हणतो. कुणी सभा भरवून हा अर्थ बदलला नाही, वापरता वापरता तो बदलला. स्मारक हा चौकात उभा असलेला शब्द आहे.

स्वातंत्र्यदेवतेच्या पायाशी काय आहे?

न्यूयॉर्कच्या बंदरातली स्वातंत्र्यदेवता म्हटलं की काय आठवतं? बोटीतून आलेले परदेशी, नवा देश, नवी संधी. सिनेमांत तेच दाखवतात, आणि अमेरिकेला गेलेल्या आपल्या पोरांनी पाठवलेल्या पहिल्या फोटोतही बहुतेक वेळा ती असतेच. पण हा अर्थ तिच्या बांधणीच्या वेळी नव्हता.

कल्पना फ्रान्समधली. एदुआर द लाबुले हे कायद्याचे अभ्यासक गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून गुलामगिरीचा अंत झाला. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला लवकरच शंभर वर्षं होणार होती. त्यानिमित्त फ्रेंच जनतेने अमेरिकेला भेट द्यावी, असं त्यांच्या मंडळींत ठरत गेलं. शिल्पकार फ्रेदेरिक ऑग्यूस्त बार्तोल्दी यांनी केलेल्या सुरुवातीच्या एका नमुन्यात मूर्तीच्या डाव्या हातात तुटलेली साखळी होती. पुढे त्या हातात ४ जुलै १७७६ ही तारीख कोरलेली पाटी आली आणि साखळी पायाशी गेली. ती आजही तिथे आहे, उजवी टाच उचललेली, पाऊल पुढे टाकणारी, तुटक्या बेड्यांतून बाहेर पडणारी बाई. पण चौथरा एवढा उंच की खाली उभ्या असलेल्या माणसाला साखळी दिसतच नाही. ती बघायला वरून बघावं लागतं.

मूर्ती कशी केली हेही सांगण्यासारखं आहे. तांब्याचे पत्रे लाकडी साच्यांवर ठोकून ठोकून आकाराला आणले, पुण्याच्या तांबट आळीत हातोडीने भांडी घडवतात त्याच जातीचं काम. पत्र्याची जाडी जेमतेम २.४ मिलीमीटर. आत लोखंडी सांगाडा, तो आखला गुस्ताव आयफेल यांनी, म्हणजे ते टॉवरवाले.

मूर्ती फ्रान्सने दिली, पण चौथरा अमेरिकेने बांधायचा होता आणि त्याला पैसे नव्हते. १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या वर्तमानपत्रातून हाक दिली आणि देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापायचं कबूल केलं, मग रक्कम कितीही लहान असो. सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी मिळून एक लाख डॉलरवर रक्कम उभी केली, बहुतेकांनी एका डॉलरपेक्षा कमी दिले होते.

चौथऱ्याच्या निधीसाठीच, त्याआधी १८८३ मध्ये, एमा लॅझरस या कवयित्रीने एक सुनीत लिहिलं होतं. रशियातल्या अत्याचारांतून पळून आलेल्या ज्यू निर्वासितांमध्ये त्या काम करत. त्यांच्या कवितेत ती मूर्ती निर्वासितांची आई होऊन बोलते: थकलेले, गरीब, मोकळ्या श्वासासाठी तळमळणारे सगळे माझ्याकडे पाठवा. २८ ऑक्टोबर १८८६ रोजी अनावरण झालं तेव्हा या कवितेची कुणाला आठवणही नव्हती. पुढच्याच वर्षी लॅझरस वारल्या. १८९२ मध्ये जवळच्या एलिस बेटावर परदेशांतून आलेल्यांची नोंदणी सुरू झाली आणि १९५४ पर्यंत तिथून एक कोटी वीस लाखांवर माणसं अमेरिकेत शिरली. कित्येक दिवस समुद्रावर काढल्यावर डेकवरून त्यांना आधी दिसायची ती ही मूर्ती. मूळ नाव 'जगाला उजळणारं स्वातंत्र्य', म्हणजे प्रकाश इथून बाहेर जाणार होता. डेकवरच्या माणसांनी त्याचा रोख उलटा केला: हा दिवा आपल्याला आत बोलावतोय. १९०३ मध्ये कवितेची पाटी चौथऱ्यात बसली, तोवर लोकांनी तो अर्थ लावूनही टाकला होता.

आणि तिचा हिरवा रंग? तोसुद्धा कुणी दिलेला नाही. नवी असताना ती आपल्या घागरीसारखी तांबूस होती. चिंच लावून न घासलेल्या तांब्यावर चढतो तसा थर तिच्यावर चढला. १९०६ मध्ये तिला रंग द्यायची बातमी फुटली तेव्हा लोकांनीच विरोध केला. वीस वर्षांत हिरवी देवी त्यांची झाली होती.

आयफेल टॉवर: वीस वर्षांची परवानगी

इथे फार थांबत नाही, कारण गोष्ट सरळ आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या शताब्दीला १८८९ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं, त्याचं प्रवेशद्वार म्हणून हा मनोरा. परवानगी वीस वर्षांची, नंतर उतरवायचा. १८८७ मध्येच नावाजलेल्या लेखक-कलावंतांनी जाहीर निषेध केला होता की हा लोखंडी सांगाडा शहराचं रूप घालवेल. मनोरा वाचला तो सौंदर्यामुळे नाही. आयफेल यांनी त्यावर हवामानाच्या नोंदी, वाऱ्याचे प्रयोग आणि बिनतारी संदेशांच्या चाचण्या करू दिल्या. सैन्याला कळलं की तीनशे मीटर उंचीवरच्या तारेने फार लांबवर संदेश जातो. परवानगी वाढली. आज प्रेमात पडलेली जोडपी जिथे फोटो काढतात, ती जागा टिकली बिनतारी संदेशांमुळे.

हिरोशिमा: कर्ता नसलेलं वाक्य

यान लेत्झेल या चेक वास्तुविशारदाने १९१५ मध्ये हिरोशिमात एक इमारत बांधली. स्थानिक मालाची प्रदर्शनं भरवायला, विक्री वाढवायला. डोक्यावर तांब्याचा घुमट. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला तिच्यापासून सुमारे १६० मीटरवर, जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर अणुबाँब फुटला. आतलं कुणी वाचलं नाही. धक्का जवळजवळ डोक्यावरून आला म्हणून काही भिंती आणि घुमटाचा सांगाडा तेवढा उभा राहिला. दुकानदारीसाठी बांधलेली इमारत एका क्षणात दुसऱ्या जातीचं स्मारक झाली.

पण 'झाली' असं आपण आज म्हणतो. तेव्हा शहरातल्या अनेकांना ती नकोशी होती. रोज कामावर जाताना तो सांगाडा बघायचा, आणि त्या दिवसात परत जायचं, हे कुणाला सोसेल? पाडा म्हणणारे निष्ठुर नव्हते, ते भाजलेले होते. दुसरीकडे, लहानपणी बाँबच्या तडाख्यात सापडलेली एक मुलगी १९६० मध्ये ल्युकेमियाने सोळाव्या वर्षी गेली. तिच्या डायरीत तिने या भग्न इमारतीबद्दल लिहून ठेवलं होतं. त्यातून ती राखण्यासाठी मुलांनीच सह्या आणि निधी गोळा करायला सुरुवात केली. १९६६ मध्ये नगरपरिषदेने ती कायमची जपायचं ठरवलं. तेव्हापासून ती दुरुस्त होते, पण नीट करायला नव्हे. ती आहे तितकीच मोडकी राहावी म्हणून तिला आधार देतात.

१९९६ मध्ये तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला तेव्हा अमेरिकेने त्या निर्णयापासून स्वतःला बाजूला ठेवलं, आणि चीननेही आक्षेप नोंदवला. चीनचं दुःख समजून घ्यायला हवं: जपानी फौजांनी आशियात जे केलं, त्याचे बळी याच युद्धातले. 'जपान पोळलं' एवढाच अर्थ या इमारतीतून निघाला तर त्यांचं काय?

समोरच्या उद्यानात मृतांसाठी एक कमानवजा स्मारक आहे. त्याखाली बाँबमुळे गेलेल्यांच्या नावांच्या वह्या ठेवल्या आहेत, आणि त्यांत दरवर्षी नावं वाढतात. त्यावर १९५२ मध्ये जपानी भाषेत एक ओळ कोरली. मराठीत ती अशी होईल: शांतपणे विसावा घ्या, कारण ही चूक पुन्हा करणार नाही.

'करणार नाही', पण कोण? इंग्रजीत हे वाक्य लिहायला बसलं की 'आम्ही' की 'ते' हे बहुधा ठरवावं लागतं. जपानीत कर्ता गाळता येतो, आणि आपल्या मराठीतही येतो. मी करणार नाही, तो करणार नाही, आम्ही करणार नाही, क्रियापद तेच. म्हणून मराठी वाचकाला ही ओळ भाषांतरात न मोडता जशीच्या तशी वाचता येते. टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यात वेगळा निकाल देणारे भारतीय न्यायाधीश राधाविनोद पाल १९५२ मध्येच हिरोशिमाला गेले होते, तेव्हा ते या ओळीवर नाराज झाले. बाँब टाकला दुसऱ्यांनी, मग चुकीची कबुली जपान्यांनी का द्यायची, असा त्यांचा सवाल. शहराचं म्हणणं, हा शब्द साऱ्या मानवजातीचा आहे. मला ती ओळ जितक्यांदा वाचावी तितक्यांदा नव्याने हलवते. तिथला कर्ता रिकामा आहे, आणि वाचणाऱ्याला तिथे स्वतःला बसवून बघावं लागतं.

बंगळुरूचा दगड, वॉशिंग्टनची भिंत

व्हिएतनाम युद्धावरून अमेरिकेत घराघरांत भांडणं झाली होती. अशा युद्धाचं स्मारक कसं करायचं? १९८१ मध्ये स्पर्धा झाली, १,४२१ आराखडे आले, नावं झाकून तपासले गेले. जिंकली येल विद्यापीठात शिकणारी २१ वर्षांची माया लिन. तिच्या आराखड्यात ना घोडा, ना झेंडा, ना सैनिक. जमिनीत उतरत जाणाऱ्या काळ्या, तुकतुकीत दगडाच्या दोन भिंती कोनात मिळतात, आणि त्यांवर मृतांची आणि बेपत्तांची नावं. हुद्दा नाही, विशेषण नाही, आणि क्रम मृत्यूच्या तारखेचा. नावं दोन भिंतींच्या सांध्यापासून सुरू होतात आणि फिरून सांध्याशीच संपतात, म्हणजे पहिला मृत्यू आणि शेवटचा मृत्यू शेजारी येतात. तो आरशासारखा दगड कर्नाटकातला, बंगळुरूकडून गेलेला.

विरोध जोरात झाला. काळा रंग शरमेचा, जमिनीखाली जाणारं स्मारक म्हणजे अपमान, असं काही माजी सैनिकच म्हणाले. तडजोड म्हणून १९८४ मध्ये जवळ तीन सैनिकांचा पुतळा बसवला. पण १९८२ मध्ये भिंत खुली झाल्यापासून जे घडलं ते कुणी आखलेलं नव्हतं. लोक आपल्या माणसाचं नाव शोधतात, त्यावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि उमटलेलं नाव घडी घालून घरी नेतात. दगडात नावावर स्वतःचाच चेहरा दिसतो. पायाशी पत्रं, बूट, पदकं ठेवून जातात, आणि उद्यानाचे कर्मचारी त्या वस्तू जपून ठेवतात. ५८ हजारांवर नावं आहेत, पण प्रत्येक जण एकाच नावासमोर उभा असतो.

मग ज्याला जो अर्थ हवा तो लावावा का?

हा आक्षेप रास्त आहे. अर्थ लोक ठरवतात म्हटलं की वाटतं, मग काहीही म्हणा. तसं नाही. पायाशी साखळी आहे म्हणून गुलामगिरीचा संदर्भ स्वातंत्र्यदेवतेपासून तोडता येत नाही, कितीही दिसेनासा झाला तरी. कोरलेलं, बांधलेलं, गाडलेलं जे असतं ते पुराव्याचं काम करतं, आणि कधी कधी बांधणाऱ्याच्या इच्छेच्या पलीकडे जाऊन करतं.

आपल्या जवळचं उदाहरण भीमा कोरेगावच्या जयस्तंभाचं. १ जानेवारी १८१८ च्या पेशव्यांच्या फौजेबरोबरच्या लढाईची आठवण म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने तो उभारला. हेतू उघड होता, कंपनी सरकारचा गौरव. पण त्यावर पडलेल्या शिपायांची नावं कोरली गेली, आणि त्यांत 'नाक' हा प्रत्यय असलेली बावीस नावं महार सैनिकांची आहेत. ज्यांना गावात सावलीचाही विटाळ मानला जाई, त्यांचं शौर्य दगडावर नावानिशी नोंदलेलं. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि आज दरवर्षी त्या दिवशी लाखो लोक अभिवादनाला जातात. ते कंपनीला मानवंदना द्यायला जात नाहीत. लढाईचा निकाल काय लागला यावर इतिहासकार वाद घालतील, घालावा. पण तिथे लेकराला खांद्यावर घेऊन आलेला माणूस ज्या नावांपुढे हात जोडतो, ती नावं खरी आहेत.

"जुन्या काळाला आजच्या चष्म्यातून का बघता?"

हाही नेहमीचा प्रश्न. त्याचं उत्तर त्याच काळात सापडतं. स्वातंत्र्यदेवतेच्या अनावरणाला बेटावर मोजक्याच स्त्रियांना प्रवेश होता. मतदानाचा हक्क मागणाऱ्या स्त्रिया त्याच दिवशी होडीतून बंदरात गेल्या आणि त्यांनी निषेध केला: स्वातंत्र्याची मूर्ती बाईची, आणि बाईला मत नाही. क्लीव्हलंडच्या एका कृष्णवर्णीय वर्तमानपत्राने त्याच सुमारास लिहिलं की दक्षिणेतल्या काळ्या माणसाला सुखाने जगता येईपर्यंत ही मशाल पेटवूच नये. हा आजचा चष्मा नाही, १८८६ चाच आहे. आयफेलवरचा राग १८८७ चा, हिरोशिमाच्या ओळीवरचा सवाल १९५२ चा. स्मारकाबद्दलची तक्रार बहुधा स्मारकाइतकीच जुनी असते. फक्त ज्यांची ती तक्रार होती, त्यांच्या हातात छिन्नी नव्हती.

पुतळा हलवला की इतिहास पुसला जातो का?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा होता. माणूस वारला १७२१ मध्ये, पुतळा उभा राहिला १८९५ मध्ये. पाटीवर त्याला शहराचा अत्यंत सद्गुणी आणि शहाणा पुत्र म्हटलं होतं. त्याने शाळांना, गरिबांना दान दिलं हे खरं. आफ्रिकेतून माणसं पकडून विकणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तो एक प्रमुख होता, हेही खरं, पण ते पाटीवर नव्हतं. दुसरी पाटी लावून ते लिहावं अशी मागणी झाली. मजकुरावरून वाद झाला आणि पाटी लागलीच नाही. ७ जून २०२० रोजी जमावाने पुतळा ओढून पाडला आणि बंदराच्या पाण्यात ढकलला. चार दिवसांनी तो बाहेर काढला. आता तो शहराच्या संग्रहालयात आहे, अंगावरच्या रंगाच्या फवाऱ्यांसकट, उभा न करता आडवा.

जमावाने कायदा हातात घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण पुतळा चौकात होता तेव्हा ब्रिस्टलच्या शाळकरी मुलाला त्याच्याकडून जेवढं कळत होतं, त्याहून संग्रहालयात जास्त कळतं. इतिहास आणि मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौथरा मान देतो, माहिती फार थोडी देतो. मान काढून घेतला म्हणून माहिती जात नाही, अट एवढीच की वस्तू जपली जावी आणि सगळं लिहिलं जावं. फोडून टाकलेल्या मूर्तीपुढे मात्र कुणाला काही विचारताही येत नाही, म्हणून मला फोडणं मान्य नाही.

हे आपल्याकडे शांतपणे झालेलं आहे. संध्याकाळी मांडव्याहून परत आल्यावर भाचीला चालत काळा घोडा चौकात नेलं. तिथे घोडा आहे, स्वार नाही. तिने अर्थातच विचारलं, "घोड्यावर कोण होतं?"

होता सातवा एडवर्ड, राजपुत्र असताना १८७५-७६ मध्ये तो मुंबईत आला होता. अल्बर्ट ससून यांनी त्याचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला, तो १८७९ मध्ये इथे बसला. लोकांनी राजपुत्राचं नाव कधी घेतलंच नाही. घोडा काळा दिसायचा, म्हणून काळा घोडा. १९६५ मध्ये पुतळा हलवला, तरी चौकाचं नाव तेच राहिलं, आणि पन्नासेक वर्षं घोडा नसताना माणसं काळ्या घोड्यापाशी भेटत राहिली. २०१७ मध्ये त्या नावासाठी नवा घोडा आला, स्वाराशिवाय.

"आणि जुना?"

जुना भायखळ्याला, राणीच्या बागेत, स्वारासकट. तोच एडवर्ड गेटवेवरच्या पंचम जॉर्जचा बाप, हेही तिला सांगितलं. तिने जरा वेळ हिशेब केला. मग म्हणाली, "म्हणजे बाप हलवला आणि मुलाची कमान ठेवली. का?"

मी तिला २८ फेब्रुवारी १९४८ ची गोष्ट तिथेच फुटपाथवर सांगितली. त्या कमानीखाली आपलंही काहीतरी घडलं, म्हणून ती आपली. तिला ते अर्धंच पटलं. पुढच्या रविवारी राणीच्या बागेत जायचं ठरलंय, जुन्या घोड्याखाली काय लिहिलंय ते तिला स्वतः वाचायचंय.